चावी चालू, इंजिन बंद

मोटरसायकलच्या हँडलवर मोबाइल चार्जर बसवून घेतला तेव्हा घरी मी सांगितलं की रस्ता शोधायला नकाशा लागतो आणि नकाशासाठी फोन चालू राहायला हवा. हे खरं नव्हतं. नागपुरात मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सला जायला मला कुठला नकाशा लागतो? रेल्वेवरचा पूल ओलांडून वर्धा रोडला लागायचं, मग छत्रपती चौक, अजनी, रहाटे कॉलनी, सीताबर्डी, झिरो माइल. इतकी वर्षं हाच रस्ता. फोनची बॅटरी निम्म्यावर आली की मला अस्वस्थ वाटायला लागतं, हे चार्जरचं खरं कारण. कुणाचा फोन येणार असतो म्हणून नाही. तो बंद पडला तर आपण कुठेच नसू, असं काहीतरी मनात येतं म्हणून.

दुसरं कारण याहून लहान आहे. आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या खांबापाशी एक मोटरसायकल उभी असते. तिच्या हँडलवर चार्जर आहे, फोनचा होल्डर आहे, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे एलईडी दिवे आहेत. तिच्याशेजारी माझी गाडी मला ओकीबोकी वाटायची. चार्जरच्या पाठोपाठ मी दिवेही बसवले ते एवढ्यासाठी. बाहेर मात्र सांगत राहिलो की बेलतरोडीकडे रात्री अंधार असतो. अंधार असतो हे खोटं नाही. पण अंधार आधीही होता, आणि तेव्हा मला दिवे सुचले नव्हते.

हे सगळं बसवून देणाऱ्या मुलाशी मी कसा वागलो, ते जास्त बोचतं. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या छोट्या दुकानातला पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा. त्याने विचारलं, "काका, रिले लावून देऊ का? फ्यूज बी वेगळा टाकतो. तासभर लागंल." मी म्हणालो, "नको, डायरेक्ट जोडून दे." मला घाई होती. कशाची होती ते आज आठवत नाही. रिले, फ्यूज आणि जाड वायर यांचे जे थोडे पैसे वाढणार होते, तेही मला द्यायचे नव्हते. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर देतो जोडून. पण बॅटरी बसली तर मले म्हणू नका." मी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. आपलं काम जाणणारा माणूस समोर होता. मी त्याला वयाने आणि पैशाने गप्प केलं. ऑफिसात माझ्याशी कुणी असं वागलं की मला किती लागतं! मग इथे काही खटकलं कसं नाही?

तो काय सांगत होता ते मी पुढे समजून घेतलं. खरं म्हणजे आधीच घ्यायला हवं होतं, कारण त्यात अवघड असं काही नाही. फॅरेडेने १८३१ साली जे दाखवलं त्यावरच आजही प्रत्येक मोटरसायकल चालते. तांब्याच्या वेटोळ्यांजवळ चुंबक फिरलं की वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. इंजिनच्या दांड्यावर चुंबकाचं चाक असतं, आत कॉइल प्लेट असते. तिथून निघालेली वीज आरआर, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, युनिटमध्ये जाते. ते युनिट विजेला एका दिशेची करतं, व्होल्टेज चौदाच्या आसपास आवरतं आणि बॅटरीकडे पाठवतं. हे चुंबक कायमचं असतं, त्यामुळे वीज कमी-जास्त कर असं त्याला सांगता येत नाही. इंजिन वेगात असलं की वीज भरपूर, आयडलवर जेमतेम. अनेक गाड्यांत जास्तीची वीज आरआर युनिट परत कॉइलमध्येच जिरवतं आणि तिची नुसती उष्णता होते. गाडी लांबवर चालवून आल्यावर त्या युनिटला हात लावता येत नाही, तो यामुळे.

जुन्या गाड्यांवर हे डोळ्यांना दिसायचं. राजदूतची सहा व्होल्टची वायरिंग ज्यांनी वापरली आहे त्यांना आठवेल की गाडी हळू झाली की हेडलाइट पिवळा पडायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजळायचा. उजेड इंजिनातून येतो हे तेव्हा कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आता मध्ये बॅटरी आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, उजेड एकसारखा राहतो. मग आपल्याला वाटायला लागतं की वीज तिथे असतेच, घेऊ तेवढी आपली.

किती असते? शंभर-एकशेदहा सीसीच्या गाडीत साधारण तीन ते चार अँपिअर-अवरची बॅटरी असते. बारा व्होल्टने गुणलं तर ३६ ते ४८ वॅट-तास. आपल्या खिशातला पाच हजार एमएएचचा फोन पूर्ण भरायला १९ वॅट-तास लागतात. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना आणि फोनमध्ये भरताना थोडी वीज वाया जाते, ती निराळी. म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या चावीवर एक फोन पूर्ण भरला, तर तीन अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी होते. ही तुलना मी पहिल्यांदा कागदावर मांडली तेव्हा चकित झालो. खिशातल्या वस्तूची भूक गाडीच्या सगळ्या शिलकीच्या निम्मी! आणि शिशाच्या बॅटरीला असं वारंवार रिकामं होणं मानवत नाही. आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिची भरण्याची ताकदच घटत जाते.

गाडी चालू असतानाची कथा वेगळी असली तरी तिथेही हात सैल सोडण्याजोगं काही नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. साध्या हॅलोजन बल्बचे ते ३५ वॅट दिवसाढवळ्याही जात असतात. २०२० साली भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक मोटरसायकलींना पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप आणि छोटा संगणकही आला. त्यात माझ्या एलईडीच्या जोडीचे चाळीस वॅट मिळवा, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या वर. अजनी चौकात सिग्नलला उभं असताना इंजिन आयडलवर असतं, ब्रेक लाइट लागलेला असतो, इंडिकेटर चालू असतो, वर माझे हे दिवे आणि चार्जर. कॉइल देते त्याहून जास्त आपण ओढतो आणि फरक बॅटरी भरून काढते. बॅटरी अगदीच बसली की पंपाला आणि संगणकाला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. अनेक नव्या गाड्यांना तर किकही उरलेली नाही.

तो मुलगा म्हणत होता त्या रिलेचं काम एवढंच, की दिव्यांचा जड करंट बॅटरीतून स्वतंत्र जाड वायरने जावा आणि हँडलवरच्या नाजूक स्विचने फक्त इशारा द्यावा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण वायर कुठे घासून उघडी पडली तर जळण्याआधी तो तुटला पाहिजे. चार्जरला वीज चावीवरून द्यायची, म्हणजे चावी काढली की तो मेला पाहिजे. थेट बॅटरीला जोडलेल्या चार्जरवर व्होल्टेज दाखवणारे ते लाल आकडे रात्रंदिवस जळत राहतात. वीस मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण चोवीस तासांत ते जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर होतात, आणि गाडी आठवडाभर हलली नाही तर तीन अँपिअर-अवरची बॅटरी नुसते आकडे दाखवण्यातच संपते. आपल्या नागपुरात उन्हाची भर. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बॅटरीला उष्णता आधीच सोसत नाही. उन्हात तापलेल्या सीटखाली ती काय भोगते ते बाहेरून दिसत नाही.

यातलं बरंचसं एक फ्यूज, एक रिले आणि तासभर वेळ यांनी सुटणारं होतं. माझी गाडी माझ्या पैशाने बिघडली असती तर कदाचित मी हे लिहायलाही बसलो नसतो. दिव्यांचं तसं नाही.

ते पहिल्यांदा लावले त्या रात्री बेलतरोडी रोडवर मला आनंद झाला. डांबर लांबपर्यंत पांढरं दिसत होतं. समोरून येणाऱ्यांनी डिपर मारला तरी मी दिवे मंद केले नाहीत, आणि ते मंद होणारेही नव्हते. ते एक तर चालू असतात किंवा बंद. स्कूटरवरून येणाऱ्या एका बाईंनी हँडलवरचा एक हात सोडून डोळ्यांवर धरला. मी ते पाहिलं. त्या क्षणी मला काय वाटलं? अपराधी नाही वाटलं. आपली गाडी आता दिसते, लोक बाजूला होतात, असं वाटलं. ते सुख होतं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण त्या रात्रीचं खरं ते एवढंच.

नंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला हेडलाइटबद्दलचा नियम वाचनात आला. पुढे उजेड टाकणाऱ्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, किंवा चालवणाऱ्याला तो खाली वळवता यावा. दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाचे डोळे दिपू नयेत. मी पुन्हा वाचलं. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण १९८९ च्या या नियमांत कुणीतरी रस्त्यावर खरोखर एक माणूस उभा केला आहे. त्याचे डोळे किती उंचीवर आहेत, तो किती लांब आहे, कोणत्या बाजूला आहे, हे मोजलं आहे. दिवे विकत घेताना मी किती वॅट, किती ल्युमेन, पाण्यात टिकतील का, एवढंच विचारलं होतं. दीड मीटरवरचे डोळे माझ्या प्रश्नांत कुठेच नव्हते.

आपण विदर्भातली माणसं एक गाऱ्हाणं पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. कोराडी आणि खापरखेडा ही वीजकेंद्रं इथे, कोळसा इथला, राख इथल्या शेतांवर आणि फुप्फुसांत, आणि वीज जाते दूरच्या शहरांना. भारनियमनाच्या वर्षांत मीही हे तावातावाने बोललो आहे. ते गाऱ्हाणं मला आजही खरं वाटतं. पण बेलतरोडी रोडवर मी काय केलं? उजेड माझ्याकडे ठेवला आणि त्याचा त्रास समोरच्याकडे ढकलला. दूरच्या शहरांना राख दिसत नाही म्हणून मी त्यांना दोष देत होतो. मला तर तो वर गेलेला हात दिसला होता.

चार्जरकडे परत येतो, कारण त्याबद्दलचं माझं सगळ्यांत खुजं वागणं अजून सांगायचं राहिलं आहे.

मनीषनगरात संध्याकाळी खाण्याच्या दुकानांपुढे डिलिव्हरीच्या मुलांच्या गाड्यांची रांग लागते. त्यांच्या हँडलवरही चार्जर असतात. बहुतेकांच्या गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, बऱ्याच जुन्या. ऑर्डर तयार होईपर्यंत ते चावी चालू आणि इंजिन बंद ठेवून फोन भरत बसतात. पेट्रोल जाळायचं नाही आणि फोन मरू द्यायचा नाही. बॅटरी त्यात झिजते हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असणार, पण त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती? फोन बंद पडला की काम बंद. ऑर्डर त्यावर, पत्ता त्यावर, पैसे त्यावर. हातातल्या फोनचा वापर गाडी चालवताना फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही असा, एवढीच मुभा १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी दिली आहे. पण त्यांचा फोन रस्ता दाखवता दाखवता मध्येच नवी ऑर्डर वाजवतो आणि ती काही सेकंदांत घ्यायची असते. रस्त्यावर त्यांना स्क्रीनकडे बघताना पाहिलं की मी मनात म्हणायचो, मरतील एखाद्या दिवशी. त्याच वेळी माझ्या होल्डरमधला फोन कुणाच्या तरी लग्नाचे फोटो दाखवत उजळलेला असायचा.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खुर्चीपाशी एक प्लग आहे. डिलिव्हरीला आलेली मुलं लिफ्टची वाट बघताना कधी दोन-चार मिनिटं तिथे फोन लावायची. मी पहारेकऱ्याला सांगितलं, हे चालू देऊ नकोस, कॉमन मीटर आहे, उद्या सगळेच येतील. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी प्लगवर चिकटपट्टी लावली. तो माझ्या सांगण्यावरून वागला, म्हणून वाईटपणा त्याच्याकडे गेला. मी वर घरात होतो.

किती वीज जात होती? हा हिशोब मी कितीतरी उशिरा केला. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. सगळी गळती धरून एक फोन पूर्ण भरायला पंचवीस वॅट-तास धरले, तर एका युनिटमध्ये चाळीस फोन पूर्ण भरतात. युनिटला दहा-पंधरा रुपये मोजले तरी एका फोनमागे चाळीस पैशांच्या आत. आणि ती मुलं पूर्ण कुठे भरत होती? चार मिनिटांत काही पैसे. एवढ्यासाठी मी नियम, मीटर आणि 'उद्या सगळेच' हे शब्द वापरले. ज्या माणसाने कारण नसताना दिव्यांच्या चाळीस वॅटना पेट्रोल पाजलं, त्याने!

यावर एक शंका मला सोडत नाही. हे लिहून मी नेमकं काय करतो आहे? नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ सालात देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता. त्यांचा फोन त्यांचा, गाडी त्यांची, बॅटरी त्यांची, तिची झीजही त्यांची. ज्या कंपन्यांचं काम त्या फोनवर चालतं त्यांनी त्या फोनच्या विजेचा भार उचलावा की नाही, हा मोठा प्रश्न आहे, आणि तो आमच्या तळमजल्यावरच्या प्लगने सुटत नाही. मग प्लगची चिकटपट्टी काढून मी माझीच टोचणी कमी करून घेतो आहे का? असेन. पण मोठा प्रश्न सुटेपर्यंत चिकटपट्टी तशीच राहू द्यावी, हे म्हणणंही मला आता जमत नाही. मोठ्या प्रश्नाच्या आडोशाने छोटी गोष्ट टाळायची सवय मला आहे. ती कुठून लागली ते ठाऊक नाही, पण ऑफिसातही ती मला दिसते आणि घरातही.

दिव्यांचं काम मी केलं. त्या मुलाच्या दुकानात पुन्हा गेलो. रिले, फ्यूज, जाड वायर, चावीवरचा करंट, सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे करवून घेतलं. त्याने दिव्यांना पिवळी काच सुचवली. मग गाडी भिंतीपासून आठ मीटरवर उभी करून झोत खाली वळवला, मी दीड मीटर उंचीवर खडूने रेघ मारली आणि उजेड तिच्या बराच खाली आला तेव्हाच नट आवळले. हे करताना तो म्हणाला, "एवढं कोणी करत नाही काका." मला त्यात कौतुक ऐकू येऊ लागलं, आणि मी स्वतःला थांबवलं. पहिल्याच दिवशी तो हे करायला तयार होता. नाही म्हणणारा मीच होतो. पण ते त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. 'तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं' एवढं एक वाक्य होतं. पैसे देताना ते जिभेवर आलं होतं.

चार्जर अजून आहे. रोजच्या रस्त्यावर फोन खिशात ठेवायचा असं ठरवलं आहे. बुटीबोरीपर्यंत किंवा उमरेडकडे जायचं असेल तेव्हाच तो होल्डरमध्ये. पहिले काही दिवस छत्रपती चौकाच्या सिग्नलला हात आपोआप खिशाकडे जायचा, अजूनही जातो. फोन बंद पडला तर आपण कुठेच नसू, ही भीती चार्जरच्या वायरने कमी झाली नव्हती, आणि फोन खिशात ठेवल्याने वाढलेलीही नाही. ती मुळात विजेची भीती नसावी. मग कशाची, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सोसायटीच्या येत्या सभेत मी गेटजवळ, शेडखाली दोन प्लगचा एक बोर्ड आणि शेजारी बसायला एक बाक मागणार आहे. अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात युनिटचा आणि पैशांचा हिशोब घातला आहे, कारण पहिला आक्षेप बिलाचा येईल हे मी ओळखून आहे. दुसरा आक्षेप येईल, उद्या सगळेच येतील. हे वाक्य सभेत कुणी बोललं की ते माझंच आहे, मीच पहारेकऱ्याला सांगितलं होतं, हे सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं आहे. अर्जात ते लिहिलेलं नाही. पहारेकरीही तिथे खुर्च्या मांडायला असेल.